क्षार, प्रकाश आणि एकपेशीय जीव

कपिलधारच्या धबधब्याखाली, पाने कुजलेल्या साचल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. त्यात पॅरामेशियम हा एकपेशीय जीव बहुधा पोहताना दिसेल. आता त्या पाण्यात पोटॅशियम क्लोराइडचे सौम्य द्रावण मिसळावे. पुढे जाणारा जीव काही काळ उलट दिशेने पोहू लागतो.

याचे कारण असे. पेशीच्या आत बाहेरच्या मानाने ऋण विद्युतभार असतो. बाहेर पोटॅशियम वाढले की हा फरक कमी होतो, पेशीपटलातील द्वारे उघडतात आणि कॅल्शियम आत शिरते. त्याने केसलांची दिशा पालटते. पाण्यात कॅल्शियमच नसेल, तर जीव मागे फिरत नाही.

प्रकाशाचा प्रतिसादही याच मार्गाने घडतो. क्लॅमिडोमोनस या हिरव्या शैवालाच्या नेत्रबिंदूजवळील प्रथिन प्रकाश पडताच स्वतःच आयनांचे द्वार बनते. हे २००२ साली सिद्ध झाले. तीव्र प्रकाशात कॅल्शियम आत येते व शैवाल मागे सरकते.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण लोणारचे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. पाणी आटून क्षारता वाढली, तसे ते फोफावले. याच वर्गातील हॅलोबॅक्टेरियम नारिंगी प्रकाशाकडे जातो, निळ्यापासून दूर पळतो.

वैद्यबंधूंनी यातून काय घ्यावे? क्षार म्हणजे केवळ पाचन-लेखन करणारे द्रव्य नव्हे. पेशीच्या विद्युतभारावर त्याचा थेट परिणाम होतो. जव जाळून सिद्ध केलेल्या यवक्षारात पोटॅशियमचे लवण प्रमुख असते. माणसाच्या रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर एवढेच असावे लागते. ते वाढल्यास हृदयाच्या पेशींचा विद्युतभार बिघडतो व हृदयगती थांबू शकते. निरोगी वृक्क जादा पोटॅशियम मूत्रावाटे टाकतात. रुग्ण वृक्क टाकू शकत नाहीत.

म्हणून मूत्रकृच्छ्र किंवा अश्मरीत यवक्षार योजण्यापूर्वी वृक्कविकार आहे का, रुग्ण स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल यांसारखी औषधे घेतो का, हे अवश्य विचारावे. शंका असल्यास रक्ततपासणी करावी. औषधालयचालकांनीही वैद्याच्या सूचनेविना यवक्षार देऊ नये. पाण्याच्या थेंबातला जीव मागे फिरून पुन्हा पुढे जातो. थांबलेल्या हृदयाचे तसे होईलच असे नाही.