दोघांचा डाव: आत्याचा कानमंत्र

पोरी, नव्या संसारात दोघांना खेळायला काहीतरी घ्यायचंय म्हणतेस ना? मग दुकानात जाण्याआधी हे ऐकून ठेव.

खोक्यावर ‘२ ते ४ खेळाडू’ असं छापलेलं दिसलं की लगेच भुलू नकोस. चौघांचा खेळ दोघांत मांडता येतो, पण रंगेलच असं नाही. ‘व्यापार’च घे. त्यातली खरी मजा सौदेबाजीत. तिसरं गिऱ्हाईकच नसेल तर घासाघीस कुणाशी करणार? एकाची घरं उभी राहिली की दुसऱ्याने तासभर नुसतं भाडं भरत बसायचं. ‘कटान’ तर मुळातच तिघा-चौघांसाठी आहे.

त्यापेक्षा दोघांसाठीच बेतलेला खेळ घे. ‘सेव्हन वंडर्स’ चार-पाच जणांत खुलतो, म्हणून दोघांसाठी २०१५ साली ‘सेव्हन वंडर्स ड्युएल’ वेगळा काढला. ‘पॅचवर्क’ही दोघांचाच. गोधडीसारखे तुकडे जोडत जायचे, अर्ध्या तासात डाव आटोपतो.

पण पैसे खर्चण्याआधी नवकंकरी खेळून बघा. फरशीवर खडूने एकात एक तीन चौकोन काढायचे, बाजूंचे मध्य रेघेने जोडायचे, की २४ जागा तयार. दोघांना नऊ-नऊ खडे. आधी ते एकेक करून मांडायचे, मग रेघेवरून सरकवायचे. तीन खडे एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. ज्याचे दोनच उरले, तो हरला. यातली खुबी सांगते: पाच खडे असे बसव की एकच खडा इकडून तिकडे सरकवला तरी दर खेपेला नवी रांग पुरी होईल. समोरचा घायकुतीला येतो!

जावईबापूंचा बुद्धिबळात हात बसलेला, तू नवखी. रोज हरलीस तर महिन्याभरात पट माळ्यावर जाईल. त्यांना आपला वजीर काढून खेळायला सांग. नाहीतर बॅकगॅमन आणा. त्यात अक्कल लागतेच, पण फाशांमुळे नवख्यालाही संधी मिळते.

आणि डाव छोटा असू दे. जेवणं आटोपल्यावर बसलात तर झोपायच्या आत हरलेल्याला उट्टं काढता आलं पाहिजे.