मुका : साबूच्या दलदलीतील एक गाव

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या साबुदाण्यावर जगते, त्याचे नावही मूळचे आपले नव्हे. मलाय भाषेतील ‘सागू’चा आपल्याकडे ‘साबू’ झाला. आज आपल्या ताटात येणारा साबुदाणा बहुतांशी तामिळनाडूतील सेलम भागात कसाव्याच्या कंदापासून करतात. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारा माल बंद झाला, तेव्हापासून तो धंदा तेथे वाढला. खरा साबू निघतो तो ताडासारख्या एका झाडाच्या खोडातून. त्या झाडावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या एका गावाविषयी मी येथे लिहीत आहे.

गावाचे नाव मुका. (वर्गात हे नाव घेतले तेव्हा जो हशा पिकायचा तो पिकला!) बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या सारवाक राज्यात, दक्षिण चिनी समुद्राच्या काठी हे गाव आहे. 2002 पासून ते विभागाचे मुख्य ठाणे आहे. येथील मेलानाऊ लोक स्वतःला ‘लिकोऊ’, म्हणजे नदीचे लोक म्हणवतात.

किनाऱ्यामागे मैलोन्‌मैल दलदल. भातशेतीला ती जमीन जवळजवळ निरुपयोगी; पण साबूचे झाड तेथेच पोसते. केळीसारखे त्याला बुंध्यातून मुनवे फुटतात. दहा-पंधरा वर्षे झाड आपल्या खोडात पीठ साठवीत राहते, एकदाच फुलते आणि मरते. फुलोरा आला की साठवलेले पीठ त्यातच खर्ची पडते, म्हणून त्याआधी झाड पाडावे लागते. ओंडके नदीतून तरंगत घरी आणायचे, पुरुषांनी आतला गाभा खरवडायचा आणि बायकांनी तो चटईवर पसरून, पाणी ओतीत, पायांनी तुडवायचा. पिठाचे पाणी खालच्या डोणीत पडते, पीठ तळाशी बसते. हे तुडवणे तासन्‌तास चाले. आमच्याकडे पावसाळ्यात चिखलणीला उभ्या राहणाऱ्या बायकांचे पाय मी पाहिले आहेत. त्यामुळे या मजुरीचा अंदाज मला पुस्तकाविनाही येतो. पुढे खरवडण्याची यंत्रे आणि कारखाने आले, तेव्हा हे घरचे काम मागे पडले.

या पिठासाठी लढायादेखील झाल्या. मुका हा ब्रुनेईच्या सुलतानाचा मुलूख, पण तेथील साबू कुचिंगमार्गे सिंगापूरला जाई आणि कुचिंगला राज्य होते जेम्स ब्रुक या इंग्रज ‘राजा’चे. मुका येथे व्यापार अडू लागला तेव्हा 1860 मध्ये ब्रुकच्या माणसांनी चढाई केली. गंमत अशी की, लाबुआनच्या इंग्रज गव्हर्नरानेच मधे पडून ती थांबवली! परंतु 1861 मध्ये सुलतानाने हा किनारा ब्रुकला देऊन टाकला. करार सुलतान आणि राजा यांच्यात झाला. तुडवणाऱ्या बायकांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही. त्यांच्या कामाची बारकाईने नोंद झालेली आढळते ती मॉरिस या अभ्यासकाच्या 1953 सालच्या अहवालात. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. लिहिणाऱ्यांच्या घरी जन्म न झालेल्यांचा इतिहास असाच उशिरा लिहिला जातो, हे मला सहज पटते.

जुन्या मेलानाऊ समाजात सरदार, सामान्य आणि गुलाम अशा पायऱ्या होत्या. सरदारांच्या अस्थी ‘जेरुनेई’ नावाच्या कोरीव खांबात ठेवीत. त्याच्याशी गुलामाला बांधून मरू देत, असेही सांगतात. संग्रहालयात असा खांब पाहून नुसतेच कलाकुसरीचे कौतुक करणे मला जमणार नाही. चाच्यांच्या भयाने उंच खांबांवर बांधलेली त्यांची घरेही आता राहिली नाहीत. 1999 मध्ये जवळच्या तेलियन गावात ‘लामिन दाना’ हे तशा धर्तीचे घर पाहुण्यांसाठी नव्याने उभे केले.

खाणे मात्र टिकले आहे. कच्ची मासळी आंबट रसात मुरवून, कांदा-मिरची घालून केलेला ‘उमाई’ आणि सोबत भाजलेला साबू हा कोळ्यांचा नावेतला जेवणाचा बेत.

आज बहुतेक मेलानाऊ मुसलमान, काही ख्रिस्ती. जुना धर्म पाळणारे थोडेच. तरीही पावसाळी वारे सरल्यावर, बहुधा एप्रिलात, ‘काऊल’ हा जुना सण सारे मिळून करतात. नैवेद्याची ‘सेराहांग’ ही उंच परडी सजवलेल्या होडीतून नदीच्या मुखाशी नेतात. किनाऱ्यावर ‘तिबाऊ’ हा प्रचंड झोपाळा बांधलेला असतो. उंच माचीवरून एकेक तरुण झोक्यावर उडी घेतो आणि आधीच लोंबकळणाऱ्यांना जाऊन चिकटतो.