स्टेशनवरचं वाय-फाय ७० रुपयांत महिनाभर. पण ते परवडतं कुणाला?

बुलढाणा जिल्ह्यात सार्वजनिक वाय-फाय शोधायचं तर तीन ठिकाणं बघायची: रेल्वे स्टेशन, ग्रामपंचायत आणि पीएम-वाणी योजनेत सामील झालेलं एखादं दुकान. पॅकचे दर मोबाइलच्या टॉप-अपशी ताडून पाहिले तर हे वाय-फाय स्वस्तच दिसतं. फक्त तिथवर जाण्याचा आणि तिथे थांबण्याचा खर्च त्या दरात धरलेला नसतो. तो धरला की कुणाला यात फायदा आहे आणि कुणी या भानगडीत पडू नये, हे स्पष्ट होतं.

स्टेशनवर काय मिळतं

जिल्ह्यातली मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही स्टेशनं भुसावळ–बडनेरा या मुख्य मार्गावर आहेत. जलंबहून एक फाटा खामगावला जातो. खुद्द बुलढाणा शहरात रेल्वे नाही आणि चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या भागातही नाही. म्हणजे घाटावरच्या लोकांना स्टेशनचं वाय-फाय प्रवासाला निघाले तरच उपयोगी पडेल.

ही सेवा रेलटेल या सरकारी कंपनीची असून तिचं नाव ‘रेलवायर’. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून ती सुरू झाली आणि आता देशभरातल्या ६,१०० हून अधिक स्टेशनांवर आहे. रोज पहिला अर्धा तास फुकट, वेग एक एमबीपीएस. या वेगाने अर्ध्या तासात फार तर सव्वादोनशे एमबी उतरतात. हॉल तिकीट काढणं, पीडीएफ पाठवणं, व्हॉट्सअॅप बघणं यात आरामात बसतं. फोनचं दोन जीबीचं अपडेट मात्र यात होणार नाही.

त्यापुढे पैसे मोजायचे. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेले दर असे:

१ दिवस: ५ जीबी १० रुपये, १० जीबी १५ रुपये
५ दिवस: १० जीबी २० रुपये, २० जीबी ३० रुपये
१० दिवस: २० जीबी ४० रुपये, ३० जीबी ५० रुपये
३० दिवस: ६० जीबी ७० रुपये

यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे दहाचा पॅक ११ रुपये ८० पैशांना आणि सत्तरचा ८२ रुपये ६० पैशांना पडतो. पैसे भरण्याआधी पोर्टलवर दिसणारी अंतिम रक्कम बघून घ्या. सशुल्क पॅकला ३४ एमबीपीएसपर्यंत वेग सांगितलेला आहे. तो ‘पर्यंत’ विसरू नका: शेगावला गुरुवारी किंवा गजानन महाराजांच्या प्रकट दिनाच्या गर्दीत एकाच लाइनवर शेकडो फोन असतात, तेव्हा वेग घसरणारच. आणि हे वाय-फाय स्टेशनच्या आवारापुरतं आहे. गाडी सुटली की तेही सुटलं.

जोडायचं कसं

मोबाइल डेटा बंद करा, वाय-फाय चालू करा आणि यादीतून रेलवायर निवडा. लॉगिनचं पान आपोआप उघडतं. त्यात मोबाइल नंबर टाकायचा, एसएमएसने आलेला ओटीपी भरायचा, झालं.

पान उघडलंच नाही तर बहुतेक वेळा अडचण फोनच्या सेटिंगमध्ये असते. व्हीपीएन किंवा ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असेल तर थोडा वेळ बंद करा. मग ब्राउझरमध्ये कुठलाही साधा पत्ता टाकून बघा. तरीही नाही झालं तर ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा.

ओटीपीचा हा खटाटोप का, असा प्रश्न अनेकांना पडतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका उघड्या, पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून गेला होता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवणं बंधनकारक केलं. त्यामुळे वाय-फाय फुकट असलं तरी एसएमएस येणारं चालू सिम हवंच. रिचार्ज संपून इनकमिंग बंद पडलेल्या फोनवर ओटीपी येत नाही आणि समोर वाय-फाय असून उपयोग शून्य. परदेशी नंबर घेऊन गावी आलेल्या पाहुण्यांचीही इथेच गाडी अडते. त्यांना घरातल्या कुणाचा तरी हॉटस्पॉट द्यावा, ते सोपं.

प्लॅटफॉर्म तिकीट धरून हिशेब

प्रवासाचं तिकीट किंवा पास नसेल तर प्लॅटफॉर्मवर जायला १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट लागतं आणि ते दोन तास चालतं. म्हणजे ‘फुकट’ अर्धा तास दहा रुपयांना पडला. दहाचा पॅकही घेतला तर एका फेरीचे २१ रुपये ८० पैसे झाले. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर मोबाइलचा एक जीबीचा टॉप-अप १९ ते २२ रुपयांना मिळतो आणि तो घरी बसून वापरता येतो. तेव्हा एक जीबीपेक्षा जास्त काम असेल तरच स्टेशनची फेरी काढा.

आता महिन्याचा विचार करू: मोबाइलवर फक्त कॉलचा पॅक ठेवला आणि डेटासाठी रेलवायर वापरलं तर? दूरसंचार नियामक ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशामुळे कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक ठेवावे लागले. ८४ दिवसांचा असा पॅक ४५० ते ४७० रुपयांच्या आसपास, म्हणजे २८ दिवसांना साधारण १५० रुपये. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांपासून. फरक दीडशेचा. त्यातून रेलवायरचे ८२ रुपये ६० पैसे गेले की हातात साधारण ६७ रुपये उरतात आणि सहा प्लॅटफॉर्म तिकिटांत तेही संपतात.

पासवाल्याचं गणित वेगळं. मलकापूरहून किंवा नांदुऱ्याहून रोज अकोल्याला किंवा भुसावळला जाणारा नोकरदार, विद्यार्थी प्लॅटफॉर्मवर तसाही वीस-पंचवीस मिनिटं गाडीची वाट बघत असतो. लेक्चर, चित्रपट, गाणी तिथे उतरवून घेतली की प्रवासात डेटा लागत नाही. सत्तरचा पॅक खऱ्या अर्थाने अशा माणसासाठी आहे. बाकीच्यांनी अर्ध्या तासाच्या फुकटावर भागवावं.

ग्रामपंचायतीतलं वाय-फाय

भारतनेट योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची ही योजना. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले. गावोगावच्या भिंतींवर बसलेले फायबरचे डबे लोकांच्या ओळखीचे आहेत. पण भिंतीवर डबा आहे म्हणजे लाइन चालू आहे, असं गृहीत धरू नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, चार प्रश्न विचारा:

– लाइन आत्ता चालू आहे का?
– वीज गेल्यावर बॅटरीवर चालते का?
– वाय-फाय गावकऱ्यांसाठी खुलं आहे की फक्त कार्यालयासाठी?
– पैसे लागतात का, आणि लागत असतील तर पावती मिळते का?

उत्तरं समाधानकारक नसतील तर विषय ग्रामसभेत मांडा. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या सातपुड्याकडच्या गावांत मोबाइलची रेंज जिथे येते-जाते, तिथे ही लाइन चालू राहणं शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या पोरांसाठी महत्त्वाचं आहे.

पीएम-वाणी: दुकानातलं वाय-फाय

९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेला मंजुरी दिली. किराणा दुकानदार, चहावाला, झेरॉक्सवाला, कुणीही परवाना शुल्क न भरता वाय-फाय विकू शकतो. ग्राहकाने पीएम-वाणीचं नोंदणीकृत अॅप घ्यायचं, मोबाइल नंबरची पडताळणी एकदाच करायची, जवळचे हॉटस्पॉट बघायचे आणि पॅक निवडून यूपीआयने पैसे भरायचे. दर सरकार ठरवत नाही, त्यामुळे दिवसाचा दर आणि किती जीबी हे आधी विचारून घ्या.

हॉटस्पॉट सापडेल का, हा खरा प्रश्न. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉट करायचे ठरलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-वाणीचे होते सुमारे २ लाख ७ हजार. इंटरनेट कंपन्या दुकानदारांना महागडी लीज्ड लाइन घ्यायला लावत, हे त्यामागचं एक मोठं कारण. जून २०२५ मध्ये ट्रायने यावर मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतचं घरगुती फायबर कनेक्शन या दुकानदारांना जास्तीत जास्त दुप्पट दरात द्यायचं.

दुकानदाराने हिशेब असा करावा. घरगुती प्लॅन ५०० चा असेल तर दुप्पट दराने १,००० आणि जीएसटीसह १,१८० रुपये महिना. दहा रुपयांचे ११८ पॅक विकले, म्हणजे रोज चार, तेव्हा लाइनचा खर्च निघतो. राउटर आणि अॅग्रिगेटरचा, म्हणजे दुकानदाराला पीएम-वाणीशी जोडणाऱ्या कंपनीचा, वाटा वेगळा. बसस्टँड, कॉलेज किंवा अभ्यासिकेजवळ दुकान असेल तर जमेल, आडबाजूला अवघड. मात्र घरच्या वाय-फायचा पासवर्ड शेजाऱ्यांना महिन्याच्या दराने विकणं नियमात बसत नाही. त्या नेटवरून कुणी काही उद्योग केले तर पोलिस आधी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याच दारात येतील.

जोडल्यावर काय जपायचं

फोनवर वाय-फायची खूण दिसली म्हणजे इंटरनेट आलंच असं नाही. काही वर्षांपूर्वी एसटीच्या गाड्यांत वाय-फायचे डबे बसवले होते. त्यावर डब्यातच साठवलेले चित्रपट, मालिका दिसत, बाहेरचं नेट नव्हतं.

बँकेचं अॅप आणि यूपीआय सार्वजनिक वाय-फायवर उघडू नका, तेवढ्यापुरता मोबाइल डेटा वापरा. स्टेशनच्या नावाशी मिळतंजुळतं बनावट नेटवर्क कुणीही फोनवरून उभं करू शकतो. लॉगिनच्या पानावर मोबाइल नंबर आणि ओटीपी पुरतो. आधार क्रमांक, कार्डाचा पिन किंवा कुठलं अॅप उतरवायला सांगितलं तर तिथूनच परत फिरा. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. पॅकचे पैसे कापले आणि सेवा मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तक्रारीसाठी यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि ओटीपीचा एसएमएस जपून ठेवा.

एकूण सल्ला असा: रोजच्या प्रवाशाने रेलवायरचा महिन्याचा पॅक घ्यावा आणि कधीतरी जाणाऱ्याने फुकटचा अर्धा तास वापरावा. घरात तीन-चार फोन असतील आणि गावात फायबर आलं असेल, तर सगळ्यांच्या रिचार्जची बेरीज करून ती घरगुती फायबरच्या बिलाशी ताडून बघा. पुष्कळ घरांत तेच स्वस्त निघतं.