डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आला, आता?

प्रश्न : पत्नी ३७ वर्षांची, तेरावा आठवडा. डबल मार्करमध्ये डाऊन सिंड्रोमसाठी १:१८० आलं. बाळात दोष आहे का?

उत्तर : ठळक अक्षरांतलं ‘हाय रिस्क’ पाहून निम्मं घर रडायला बसतं. पण १:१८० म्हणजे अशा १८० गर्भवतींपैकी साधारण १७९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतो! डबल मार्कर ही आईच्या रक्ताची चाचणी म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे.

पुढची पायरी एनआयपीटी. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे तरंगतात, ते तपासतात. महाग, बरीच अचूक; तरीही चाळणीच.

पक्कं निदान साधारण सोळाव्या आठवड्यात, सोनोग्राफीत बघत बारीक सुईने गर्भजल काढून होतं. गर्भपाताचा धोका अल्प, पण शून्य नाही. लेखी संमती लागते. यात बाळाचं लिंग कळलं, तरी ते सांगणं मात्र गुन्हा.

निव्वळ डबल मार्करच्या कागदावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नका.