दात काढल्यानंतर घरी

दात काढून घरी आलो की आपल्याला आधी चूळ भरावीशी वाटते. पहिले २४ तास नेमके तेच करायचे नाही. दाताच्या खळग्यात रक्ताची गुठळी बसते, तेच जखमेचे झाकण. जोराने थुंकल्याने, स्ट्रॉने पेय ओढल्याने (आणि पालकहो, सिगारेट ओढल्यानेही) ते निघते, खालचे हाड उघडे पडते. मग दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका! तेव्हा लवंग दाबून बसू नये, डॉक्टरांकडेच जावे.

डॉक्टरांनी ठेवलेला बोळा अर्धा तास घट्ट दाबून धरावा. लाळ लालसर दिसली तरी घाबरू नये, गिळावी. गार दूध, दहीभात चालेल. पोह्यांवरची शेव मात्र काही दिवस बंद. इंदूरकरांना हे जड जाईल! दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हळूच चूळ भरावी.