चेन कायमची नसते, पण आवाज आला म्हणजे इंजिन गेलं असंही नाही

प्रश्न : माझी २०१२ची डिझेल स्विफ्ट दीड लाख किलोमीटर चालली आहे. सकाळी सुरू करताना समोरून तीन-चार सेकंद खडखड येते. मेकॅनिक म्हणतो टायमिंग चेन गेली. पण चेन तर आयुष्यभर टिकते ना?
– एक वाचक, साकोली (जि. भंडारा)

उत्तर : पट्ट्यासारखी ठरावीक किलोमीटरला चेन बदलावी लागत नाही, त्यावरून हा समज झाला. पण तिच्या पिना झिजतात आणि ती लांबते. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात दाब उतरतो, म्हणून पहिली खडखड होते. त्यामुळे लगेच चेनवर खर्च करू नका. आधी ऑइलची पातळी बघा. ऑइल जुनं असेल तर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर बदला. तरीही आवाज राहिला, तर स्कॅनर लावून क्रँक-कॅमच्या मेळाचा पी००१६ कोड येतो का पाहा. मग कव्हर उघडून तपासणी.

बदलायचीच ठरली, तर नुसती चेन नको. टेन्शनर, गाइड आणि दातेरी चक्रं एकत्रच बदला. झिजलेल्या दात्यांवर नवी चेनही लवकर झिजते. क्रँक-कॅम लॉक करायची हत्यारं ज्याच्याकडे आहेत, त्यालाच काम द्या. सुरू करण्यापूर्वी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवायला सांगा.

गरम इंजिनातही खडखड असेल, तर गाडी चालवू नका. चेन दाता सोडून सरकली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. अशा वेळी महामार्गाने नागपूरला नेण्यापेक्षा टो करून जवळच्या गॅरेजला न्या.