*फुकटचा काळा गाळ शेतात टाकण्याआधी हे वाचा*


या आठवड्यात तीन सभासदांनी एकच विचारलं: "सर, शेणखत परवडत नाही. शहराच्या सांडपाणी केंद्राचा गाळ ट्रॉलीनं फुकट मिळतोय, टाकू का?" गाळात नत्र-स्फुरद असतं हे खरं. तरी माझं उत्तर: थांबा.

*कारण: पीएफएएस*
न चिकटणारे तवे, पाणी न शोषणारं कापड, तेल न झिरपणारा कागद, आग विझवायचा फेस यांत ही रसायनं वापरतात. यातला कार्बन-फ्लोरिनचा बंध फार पक्का. ऊन, जिवाणू, उकळणं, कशानंही तुटत नाही. सांडपाणी केंद्रातही ती नष्ट होत नाहीत. काही पाण्याबरोबर नदीत जातात, काही गाळात बसतात. यातल्या 'पीएफओए'ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ मध्ये कर्करोगकारक ठरवलं.

*अमेरिकेत काय झालं?*
मेन राज्यातल्या एका दूध उत्पादकानं १९८० च्या दशकापासून २००४ पर्यंत असाच गाळ गवताच्या रानात टाकला. सरकारची परवानगी होती. बंद करून बारा वर्षं झाल्यावर तपासणी झाली, तर पाण्यात, मातीत, चाऱ्यात आणि दुधातही पीएफएएस निघालं. दुधाचा धंदा बसला. २०२२ मध्ये मेननं शेतात गाळ टाकायला कायद्यानं बंदी केली. पण रानात गेलेलं परत काढता येत नाही.

*आपण काय करायचं?*
✅ सांडपाणी केंद्राचा किंवा कारखान्याचा गाळ घेऊ नका. फुकट असला तरी.
✅ साखर कारखान्याची प्रेसमड वेगळी, तलावातला गाळही वेगळा. पण तलावात शहराचा किंवा एमआयडीसीचा नाला येत असेल, तर आधी आम्हाला विचारा.
✅ आधीच टाकला असेल तर घाबरू नका. गट नंबर, वर्ष, किती ट्रॉल्या हे लिहून ठेवा आणि कळवा. त्या रानात चारा घेऊ नका.
✅ नेहमीच्या माती परीक्षणात हे दिसत नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका.
✅ नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून हे जात नाही. पिण्यासाठी आरओ बराचसा भाग अडवतो.

खताचे पैसे वाचवायचेत ना? हिरवळीसाठी ताग-धैंचा पेरा, पाचट कुजवा. नियोजन मी करून देतो.

कुणी गाळाची ट्रॉली घेऊन आलं तर उतरवण्याआधी फोन करा.

– आपला कृषी सल्लागार